द्वारकाबाई कासारणीच्या डाव्या मनगटाची हकीकत

श्रीकुलस्वामिनी समर्थ. वाचणारांचे हातपाय शाबूत राहोत आणि लिहिणाराची लेखणी खऱ्यास सोडून न धावो. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, वटपौर्णिमेस तीन रोज उरले असतां, एके राज्यांत द्वारकाबाई रासने कासारीण, तीस वर्षें बांगड्या भरण्याचे कसबांत नामांकित, मालाची टोपली घेऊन पेठेंतून चालली होती, तों मागील अंगें एक टेंपो उन्मत्त होऊन आला, आणि बाई पडली, आणि चुडे फुटोन रस्ता हिरवागार जाहाला, आणि डावें मनगट दोन जागीं मोडलें. मग वैद्यांनी पट्टी घालोन हाड जुळविलें, परंतु पंजास पूर्वील जोर आला नाहीं.

टेंपोचा विमा ज्या कचेरींत उतरविला होता, तेथील तपासनीस सदानंदपंत खांबेटे. गृहस्थ हुशार, परंतु उंटावरून शेळ्या हाकणारे. कासारणीचें दुकान त्यांनी डोळां पाहिलें नव्हतें. त्यांनी दवाखान्याचा खर्च मंजूर केला आणि मनगटाचे पोटीं चाळीस हजार देऊं करून शेरा मारिला कीं, 'मोडला तो हात डावा, बाई उजवी, सबब रोजगारास बाध नाहीं.' सून नलिनी हिने कागद वाचोन दाखविला, तेव्हां द्वारकाबाई खवळली.

"अगं, उजवा हात नुसती बांगडी सरकवतो! गिऱ्हाइकाचा पंजा दाबून लहान करतो तो डावा! हा पंत कधी बायकोबरोबर कासाराकडे गेलाय का?"

"आत्याबाई, मग हेच न्यायाधीशांपुढे सांगू या की," नलिनी बोलिली.

मग चार लक्षांचा दावा गुदरला. ऐसियास पंतांनी डाव टाकिला. कचेरींतील शेवंताबाई नामें चाकरीची बाई, तीस गिऱ्हाईक करून दुकानीं पाठविली आणि गळ्यांतील पदकांत कॅमेरा दडविला. शेवंताबाईनें डझनभर हिरव्या बांगड्या मागितल्या, आणि द्वारकाबाईनें पाहतां पाहतां भरिल्या, आणि तें सर्व चित्रांत उतरलें. पंतांस हर्ष मावेना. "आता कासारीणबाई चारी मुंड्या चीत!" ऐसें बोलोन त्यांनी कचेरींत पेढे वांटिले. घाई नडते ती ऐसी.

तारखेचे दिवशीं न्यायासनीं सुलोचनाबाईसाहेब विराजमान जाहाल्या. पेठेंतील बायकाही आल्या, कारण कासारणीचा दावा म्हणजे घरचाच दावा. चित्र पडद्यावर चाललें, आणि द्वारकाबाईनें मान खालीं घातली. बांगड्या इतक्या सहज कां गेल्या, हें तीस ठाऊक होतें. बोलावें तर तीस वर्षांची अब्रू चारचौघींत जाणार, न बोलावें तर दावा जाणार. अरे, हा कसला पेंच!

मग साक्षीस शेवंताबाई उभी राहिली, आणि शपथेस तिनें हात वर केला, तों बांगड्या खळकन कोपरास गेल्या. बाईसाहेबांची नजर तेथें अडकली.

"त्या दिवशी भरलेल्या बांगड्या ह्याच का?"

"ह्याच, साहेब."

"हात खाली सोडा पाहू."

हात सोडतांच दोन बांगड्या पंजावरून निसटल्या आणि फरशीवर पडोन फुटल्या. बाईसाहेबांनी द्वारकाबाईस विचारिलें, "हिचं माप कोणतं?"

"सव्वादोन."

"आणि तुम्ही दिल्या?"

"अडीचाच्या." मग बाईचा बांध फुटला. "खोटं कशाला बोलू, साहेब? पंजा दाबता येत नाही, म्हणून सगळ्यांनाच सैल देते. ह्या हिला फसवलं मी, आणि ह्या बसल्यात त्या सगळ्यांना फसवलं. त्या माझ्या तोंडाकडे बघून गप घेतात, आणि घरी जाऊन दोऱ्यानं बांधतात. मला कळत नाही का?"

हें ऐकोन मागील बांकावरील एका म्हातारीनें पदराआडचा हात बाहेर काढिला. बांगड्यांस पांढरा दोरा होता. मग दुसरीनें काढिला, मग तिसरीनें. पंतांनी धाडिलेली साक्ष पंतांवरच उलटली होती. बाईसाहेबांनी पदकांतील चित्र पुन्हा लाविलें, डावा हात नुसता टेंकलेला दिसला, आणि निवाडा दिला कीं, कासारणीचा रोजगार डाव्या हातांत होता, सबब चार लक्ष पुरते द्यावे.

द्वारकाबाईनें फुटके तुकडे वेंचिले आणि शेवंताबाईस म्हणाली, "उद्या ये गं. सून भरील, मी शेजारी बसेन. पैसे घ्यायची नाही."

"मी तर तुमच्यावर पाळत ठेवायला आले होते, मावशी," शेवंताबाई रडकुंडीस येऊन बोलिली.

"असू दे. हात तर माझ्याच हातात दिला होतास ना?"

दुसरे रोजीं नलिनीनें पंजा दाबिला, आणि द्वारकाबाई "अंगठा आत घे, आता सोड" ऐसें सांगत गेली, आणि सव्वादोनाच्या बाराही बांगड्या बसल्या, आणि शेवंताबाईनें रीतीप्रमाणें सासूसुनेस वांकोन नमस्कार केला. बाहेर पेठेंतील बायकांची रांग लागली होती.

एवंच मनगट एक, मोडलें तें मोडलेंच. दावा एक, जिंकिला. पंतांस बायकोनें कासाराकडे नेलें, ही वदंता, खरी खोटी देव जाणे. दुकानीं त्या दिवशीं दोरे किती सुटले, याची गणती कोणी ठेविली नाहीं.