काकांचा मुद्दा पहिला

बोरकर काका घरातली दोन बटणं एकदम दाबू देत नाहीत. आधी दिवा. तो नीट लागला की पंखा. पंख्याने वेग घेतला की टीव्ही. पाहुण्यांनाही हाच नियम. पाण्याचा पेला परत आल्याशिवाय चिवडा बाहेर येत नाही, आणि चिवडा संपल्याशिवाय चहाचं आधण चढत नाही.

"एकेक करून, पोट्टे. घाई कायची हाय?" ते मला म्हणतात.

काका चौबे कॉलोनीत आमच्या शेजारी राहतात. नोकरी रेल्वेत झाली, सिग्नल खात्यात. रिटायर झाल्यावर मुलाने, निखिलने, त्यांना कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स वापरायला शिकवलं आणि तो बंगळुरूला निघून गेला. रायपूरच्या लिनक्सवाल्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. काका त्यात आहेत, निखिल आहे, मीही आहे. मी फक्त वाचते.

या ग्रुपमध्ये बरेच महिने एकच भांडण चालू होतं. कॉम्प्युटर सुरू होताना नेटवर्क, घड्याळ, प्रिंटर अशी पुष्कळ कामं जागी करावी लागतात. जुन्या पद्धतीत ती रांगेने उठायची, पडद्यावर एकेक ओळ उमटायची. नव्या पद्धतीत एकच कारभारी प्रोग्राम सगळ्यांना जवळपास एकदमच उठवतो आणि मग दिवसभर त्यांच्यावर नजरही ठेवतो. यावरून जगभरचे लोक तावातावाने भांडले आणि बहुतेक ठिकाणी दमून गप्प बसले. रायपूरमध्ये तसं झालं नाही. रायपूरमध्ये काका होते.

"एका फलाटावर साऱ्या गाड्या संगच घेता का?" काका लिहायचे. "अन् स्टेशनमास्तरच झेंडी दाखवन, तिकिटं फाडन, चहा बी विकन, तर बाकीच्यायनं काय कराव?"

"पापा, ये रेलवे नहीं है," असं म्हणून निखिल हातभर लांब उत्तर पाठवायचा. मराठी त्याला सगळी कळते, पण लिहितो हिंदीत. काका त्याच्या प्रत्येक मुद्द्याला स्वतंत्र उत्तर द्यायचे. अर्थात, एकेक करून.

मग मराठी मंडळाच्या वाचनालयातले कॉम्प्युटर नव्याने बसवायचं काम ग्रुपकडे आलं. त्यांवर कोणती पद्धत टाकायची? ग्रुप चालवणारे भैया वैतागून म्हणाले, "संडे को वोटिंग. उसके बाद इस पर बहस बंद."

शनिवारी काकांनी हाक मारली. "पोट्टे, माया प्रिंटर रुसला. पाहून दे न जरा."

पाणी झालं, चिवडा झाला. काका चहा ठेवायला आत गेले तेव्हा मी कॉम्प्युटर सुरू केला आणि ओळींची रांग बघायला मागे टेकून बसले. रांग आलीच नाही. पडदा क्षणभर काळा झाला आणि लगेच सगळं हजर. मी खात्री करून घेतली. नवी पद्धत! तीही आजकालची नव्हे, केव्हाची बसवलेली.

काका दारात उभे होते, हातात सांडशी.

"काका, हे तर..."

"हव," काका म्हणाले. "कवाच टाकलं. मस्त चालते."

"मग ग्रुपवर भांडता कशाला?"

त्यांनी सांडशी उगाच दोनदा उघडली, मिटली. "फोन केला का म्हणते, 'हाँ पापा, ठीक हूँ, बाद में करता हूँ.' झालं. अन् हे पाय." त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. निखिलचं आदल्या दिवशीचं उत्तर अंगठ्याने वर सरकवलं, तरी संपेना. "कितीक वेळ बसला असन लिहत. माया एका ओळीसाठी."

आत चहा उतू गेल्याचा वास आला. काका हलले नाहीत.

"उद्या वोटिंग झालं, का मंग कायवर लिहन तो?"

रविवारी नव्या पद्धतीच्या बाजूने भराभर मतं पडू लागली. मी चार वेळा लिहून खोडलं, आणि मग ग्रुपवरचा माझा पहिला मेसेज पाठवला: "वाचनालयातले प्रिंटर जुने आहेत. एका कॉम्प्युटरवर जुनी पद्धत, दुसऱ्यावर नवी, असं महिनाभर चालवून बघूया. मग मतदान. घाई नको."

भैयांनी लिहिलं, "ठीक है, दीदी बोल रही हैं तो."

"अरे यार, तू भी पापा की पार्टी में?" निखिलने लिहिलं आणि पाठोपाठ ते हातभर लांब प्रकरण धाडलं.

काकांचं उत्तर लगेच आलं.

"मुद्दा पयला."

त्याखाली तीन ओळी होत्या, बस. बाकीचे मुद्दे त्यांनी पुढच्या दिवसांसाठी राखून ठेवले होते.