चांगोजींची बोलती पेटी सभेत आली, त्याचा वृत्तांत

श्री. ज्याने माणसास वाचा दिली आणि देताना तीस कुलूप घातले नाही, त्यास नमस्कार करोन लिहितो. शके १९४१, विकारी नाम संवत्सरी, मुक्त विद्येचे राज्यात ऐसे वर्तमान जाहले. तेथील लोक संगणकाच्या आज्ञावल्या लिहीत आणि जगास खुल्या देत. कोणीही वाचाव्या, सुधाराव्या, पुढे द्याव्या. राज्याचे मुख्यपण उमाबाई कर्णिक यांजकडे. त्यांचा लॅपटॉप जुना, जड आणि चालीने मंद, परंतु उघडोन आतील हरएक भाग पाहावा, बदलावा, ऐसा. म्हणोन बाईंनी दुसरा घेतला नाही. आणि सभेचा नेम ऐसा की, जे यंत्र कंपनीने कुलूपबंद केले, आतील पाहो वा बदलो दिले नाही, ते सभेत आणू नये.

मग ऐसे जाहले की, चांगोजी राजाध्यक्ष, ज्यांचे तोडीची आज्ञावली राज्यात कोणी लिहीत नव्हते, त्यांची दृष्टी आजाराने गेली. पुष्कळ दिवस घरी राहिले, आणि मग पत्नी सुभद्राबाईंचा हात धरोन सभेस आले, आणि काखेत कंपनीची बंद पेटी. तिचे झाकण उघडताच ती पडद्यावरील अक्षरे मराठीत वाचो लागली. तेव्हां हैबतराव शितोळे उठोन म्हणाले, "नेम म्हणजे नेम. पेटी बाहेर ठेवा."

चांगोजी म्हणाले, "राव, मला दिसत नाही. ही पेटी बोलते, तुमची बोलत नाही. ही बाहेर, तर मीही बाहेर."

ऐसे म्हणोन उठो लागले, तो उमाबाई बोलिल्या, "चांगोजी, बसा. हैबतराव, तुमच्या खिशातला फोन उघडतो का हो?" रावांनी मान खाली घातली, तोही कुलूपबंदच. मग बाई सभेस म्हणाल्या, "विद्या खुली केली म्हणतो, आणि आपल्याच माणसाला आत यायला वाट नाही. यांनी बंद पेटी घेतली. आपण यांना दुसरं काय दिलं होतं?"

मग बाईंनी आपला जुना लॅपटॉप पुढे केला आणि त्या व चांगोजी उभयतां त्यास वाचा देण्याचे कामी लागली. आणि सुभद्राबाईंनी आपला आवाज दिला, घसा बसेतों शब्द उच्चारिले. यंत्र अडखळे, 'ळ'चा 'ल' करी, आणि उमाबाई वैतागोन म्हणत, "द्यावं का टाकून?" आणि चांगोजी हसोन म्हणत, "थांबा हो, बोलायला शिकतंय."

पुढे सभा भरली आणि यंत्र सुभद्राबाईंचे आवाजात वाचो लागले. मध्येच एक शब्द चुकला. चांगोजींनी त्या वाचेचीच आज्ञावली सर्वांसमक्ष उघडली, कानांनी ऐकत बोटांनी सुधारिली, आणि यंत्र तोच शब्द शुद्ध बोलिले. ज्या वाचेने हा पुरुष जग वाचतो, तीच हा आपले हाते घडवितो, हे पाहोन सभा उठोन उभी राहिली, आणि टाळी वाजवावी हेही कोणास स्मरले नाही.

हैबतराव गहिवरोन म्हणाले, "आता ती बंद पेटी टाकाल ना?"

चांगोजी म्हणाले, "नाही, राव. बँकेचं काम अजून तिच्यावरच होतं. ते या यंत्राला जमेल त्या दिवशी टाकीन."

एवंच, नेम मोडिला नाही. त्यास इतुके जोडिले की, ज्यास खुल्या यंत्रात जागा नाही, त्याचे बंद यंत्र सभेत यावे, आणि त्याची लाज सभेस असावी, त्यास नसावी.