हाँगकाँगात जागा धरताना

दौऱ्यातल्या पुरी-भाजीला आज दांडी मारायची, एवढंच मी ठरवलं होतं. त्यात काय पाप होतं?

कऱ्हाटीच्या डाळिंबवाल्यांचा अभ्यासदौरा हाँगकाँगला गेला होता. त्यात माझे सासरे सर्जेराव, त्यांच्या काळजीपोटी माझी बायको सुप्रिया आणि इंग्रजी येतं म्हणून मी. (पिंपळीत, आमच्या कारखान्यात, माझं इंग्रजी उत्तम चालतं. ते हाँगकाँगवाल्यांना कळेना, याला मी काय करू?) मोबाईलवर मला एक स्वस्त आणि प्रसिद्ध डिमसमचं हॉटेल सापडलं.

"मामा, वाफवलेले छोटे छोटे पदार्थ, बांबूच्या टोपलीतून. गेलं की लगेच मिळतात!"

त्या 'लगेच'वर विसंबून सासरेबुवांनी लॉजवरच शुगरची गोळी घेतली. ही गोळी घेतली की अर्ध्या तासात पोटात अन्न पाहिजे, नाहीतर त्यांना घाम फुटतो, हात थरथरतात. हॉटेलच्या दारातून आतली गर्दी दिसली तेव्हा सुप्रियाने माझ्याकडे असं पाहिलं, की घाम आधी मलाच फुटला.

आत रांग नाही, नंबर नाही. जेवणाऱ्यांच्या खुर्चीमागे लोक चिकटून उभे.

"हे का उबं हायती?" सासरेबुवांनी विचारलं.

"जो उठेल त्याची जागा घ्यायची, मामा. तोवर मागं थांबायचं."

"लोकांचं घास मोजत? आमी न्हाय थांबत. बगा तुमी."

कोपऱ्यात एक जोडपं उठत होतं. सासरेबुवांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि दोन टेबलांवरून नेमका त्या खुर्चीत फेकला. इंदापूर गाडीच्या खिडकीतून जागा धरण्यात त्यांची हयात गेली आहे. मला क्षणभर अभिमानच वाटला.

तेवढ्यात बशा गोळा करणारी बाई आली. तिने टॉवेल उचलला, त्याने टेबलावर सांडलेला सॉस पुसला आणि तो मळक्या फडक्यांच्या टबात टाकला. खुर्च्यांवर दोन कॉलेजच्या पोरी बसल्यासुद्धा.

"अगं ए! टावेल टाकलाय तितं! दिसत न्हाय व्हय?"

अख्खं हॉटेल चावायचं थांबलं.

"मामा, इथं ती पद्धत नाही."

"पद्धत न्हाय? मग जागा धरत्यात कशी? जावा, टावेल आणा माजा!"

"टॉवेल राहू द्या!" सुप्रिया ओरडली. "अहो, आबांचे हात बघा!"

हात थरथरत होते. जवळच्या टेबलावर एक म्हातारी पेपर वाचत बसली होती. तिने चष्म्यावरून पाहिलं, बाकड्यावरून सरकली, सासरेबुवांना बाही धरून शेजारी बसवलं आणि स्वतःची टोपली त्यांच्यापुढे ढकलली. पलीकडच्या माणसाला उठवून तिने सुप्रियालाही बसवलं.

सासरेबुवांनी एक तुकडा तोंडात घातला.

"मोदकात कोळंबी घातलीया," ते म्हणाले. मग दुसरा घातला. "बरी लागतीया."

चेहऱ्यावर रंग आला. म्हातारी वाढतच होती. सासरेबुवांनी पंगतीत करतात तसा बशीवर हात आडवा धरला, तर तिने हातावरच वाढलं.

"सुप्रे, ही आपल्याकडचीच हाय गं!"

मी टॉवेल टबातून काढला, पिळला, खांद्यावर टाकला आणि निमूटपणे सासऱ्यांच्या मागे उभा राहिलो. (पांढरा शर्ट, काळी पँट. परदेशात रुबाब दिसावा म्हणून मुद्दाम शिवलेली.) कुणीतरी माझ्या कोपराला टोचलं आणि हातात चहाची रिकामी किटली दिली. भांबावून मी ती भरून आणली. लगेच मागच्या टेबलावरून दुसरी आली. मग तिसरी.

"अहो, काय करताय?" सुप्रियाने विचारलं.

"मला काय विचारतेस? यांना विचार!"

"करू दे, करू दे," सासरेबुवा ढेकर देत म्हणाले. "कारखान्यात ह्यो गडी इतका हललेला मी कदी बगितला न्हाय."

अखेर त्यांचं जेवण आटोपलं. ते उठले आणि मी झडप घालून त्यांची जागा पकडली. भुकेने जीव कासावीस झाला होता. टोपलीवरचं झाकण उचलतो न उचलतो, तोच गल्ल्यावरची बाई तरातरा आली. तिने मला दंडाला धरून उठवलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि हातात किटली दिली.

नोकरांच्या जेवणाची वेळ अजून झाली नव्हती.