हवा लागेल!

घरतसर पाण्याची बाटली उघडतात, एक घोट घेतात आणि लगेच झाकण लावतात. दुसरा घोट हवा असेल तर पुन्हा उघडतात. जेवणंही असंच. घास तोंडात गेला की डबा बंद. कोणी हसलंच तर डोळे मोठे करून म्हणतात, "हवा लागेल!"

हवेला इतका भिणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्या हाताखाली काम करायला लागल्यापासून मीही भिते. पनवेलजवळच्या आमच्या लॅबमध्ये मासळी आणि मासळीचं खाद्य तपासायला येतं. त्यातल्या चरबीत कोणती आम्लं किती, हे आम्ही मोजतो. बर्फावर ठेवलेला बांगडा वाटायचा, द्रावणात त्याची चरबी उतरवायची, तिच्यावर प्रक्रिया करून ती मशीनमध्ये सोडायची, मग स्क्रीनवर एकेका आम्लाचा सुळका उठतो. भानगड अशी, की माशातली जी आम्लं लोकांना हवी असतात तीच सगळ्यात नाजूक. हवा लागली की बिघडलीच. म्हणून बूच लावण्याआधी कुपीत नायट्रोजन सोडायचा, म्हणजे आत हवा राहत नाही.

"चोर दिसतो, वाघ दिसतो. हवा दिसते का, बाय?" हे मला सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. सर तसे ऑफिसचं मराठी बोलतात, पण घाबरले की गावची बोली बाहेर येते. म्हणजे दिवसभर तीच ऐकू येते. घरी जाताना पळस्प्यापर्यंत पोचलेली रिक्षा त्यांनी नायट्रोजनची तोटी बघायला परत फिरवली आहे. तोटी अर्थातच बंद होती.

दुसरा हट्ट नाकाचा. "मशीन नंतर, आदी नाक!" कुठलीही पिशवी उघडली की पहिला वास सर घेणार. त्यांनी खवट म्हटलं की मशीनही शेवटी तेच म्हणायचं.

मध्यंतरी कोळंबीच्या खाद्याची पिशवी आली. मी उघडली आणि तोंड फिरवलं, इतका उग्र खवट वास. सरांनी आत नाक घातलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "ताजं हाय."

मला वाटलं थट्टा करताहेत, म्हणून हसले. ते हसले नाहीत. त्यांनी पुन्हा एकदा वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"खवट हाय का गो?"

"खूप, सर."

सर स्टुलावर बसले. मागच्या तापात त्यांचं नाक गेलं होतं आणि त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. नोकरीची काळजी करू नका, मी म्हणाले.

"नोकरी जाऊ दे. घरात मसाला हाय."

मसाला म्हणजे रंजनाकाकींनी, त्यांच्या बायकोने, जाण्याआधी केलेला शेवटचा आगरी मसाला. काकी मोठ्या ठसक्याच्या बाई, सरांच्या सगळ्या घाबरटपणाला त्या एकट्या पुरून उरायच्या. त्या गेल्यावर सरांनी उरलेल्या मसाल्याच्या बरणीत नायट्रोजन भरला आणि बुचाला मेण लावलं. आता तो खवट झाला तर? आणि झालेला आपल्याला कळलाच नाही तर? उघडून बघावं तर हवा लागणार. या धास्तीने माणूस आतल्या आत वाळत चालला होता.

दुसऱ्या दिवशी ते बरणी पोटाशी धरून घेऊन आले. "तू वास घे. रिपोर्टात लिवतो तसं खरं सांग."

मी मेण काढलं आणि बूच उघडलं. खोटं बोलायला मी एका पायावर तयार होते, पण ज्यांनी मला हे काम शिकवलं त्यांच्यासमोर ते जमेना. भाजलेल्या धण्यांचा, मिरचीचा वास आला, आणि त्याच्याखाली तो दुसरा.

"थोडा खवट झालाय, सर." मला रडूच आलं.

सरांनी बरणी माझ्या हातातून घेतली आणि नाक आत घातलं. काहीच नाही. मग जिवाच्या आकांताने श्वास ओढला आणि एकदम त्यांना ठसका लागला. खोकून खोकून चेहरा लाल झाला, डोळ्यांतून धारा लागल्या. मी पाणी आणायला धावले, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"तिचाच," कसेबसे म्हणाले. "ठसका तिचाच हाय."