देवकामावशीच्या लेखी झालेली लग्नं

आमच्या आळीत कुणाचं लग्न झालं आणि कुणाचं नाही, हे देवकामावशी ठरवते. दाखला, भटजी, फोटोंचा अल्बम, यांतलं काही ती मानत नाही. तिने धवला म्हटला असेल तर लग्न झालं. नसेल म्हटला, तर दोघं नुसती एका घरात राहतात.

मावशी आमच्या गावची धवलारीण. हळद कुटण्यापासून नवरीच्या पाठवणीपर्यंत लग्नात जे जे करतात, त्या प्रत्येकाचं आमच्याकडे गाणं आहे. तो धवला. मावशी पुढे म्हणते, मी मागून धरते. वीस वर्षं झाली. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते, पण मावशीच्या मागे बसलं की आवाज निघतो. तिची पाठ रुंद आहे. मी कुणाला दिसत नाही.

मावशी माणसांची नावं लक्षात ठेवत नाही, त्यांच्या लग्नात काय घडलं ते ठेवते. शाळेच्या बाई तिच्यासाठी "हलदीत सतरा वेला शिंकली ती". एकदा सरपंच ग्रामसभेत पाण्याच्या टाकीवर तावातावाने बोलत होते. मागून मावशी म्हणाली, "याचं काय ऐकता? हा सोताच्या हलदीत झोपला व्हता." टाकीचा विषय पुढच्या सभेवर गेला.

आता हळदीला डीजे असतो. गेली दोन वर्षं मावशीला आमच्या गावात एकही मांडव मिळाला नाही. एकदा मात्र केळव्याच्या रिसॉर्टवरून बोलावणं आलं होतं. मुंबईचं लग्न, सगळे पिवळ्या कपड्यांत, आणि आम्हांला दोन नाचांच्या मधली दहा मिनिटं. मावशीने माइक हातात घेतला आणि विचारलं, "नवरीची आय कुठं हाय?" आई पार्लरमध्ये होती. मावशी खुर्चीवर बसली. "येऊ दे. आमी थांबतो." दहा मिनिटं आम्ही थांबलो. मग डीजे सुरू झाला, आणि आम्ही भजी खाऊन परत आलो. त्या जोडप्याचं लग्न अजून झालेलं नाही, असं मावशी आजही सांगते.

हे सगळं हसण्यावारी जातं. एकाच घरात हसू येत नाही, ते मावशीच्या घरात.

तिची एकुलती मुलगी सुगंधा. बोईसरच्या कारखान्यात विदर्भाकडचा एक मुलगा होता, त्याच्याशी तिने पालघरला जाऊन सह्या करून लग्न केलं. मावशीला आधी कळलं होतं. त्या दिवशी ती शेजारच्या दांडी गावाला दुसऱ्यांच्या मांडवात धवला म्हणायला गेली. मीही होते. एवढ्या चढ्या आवाजात तिने कधी म्हटलं नव्हतं. मला मागून धरता धरता धाप लागली.

त्याला दहा वर्षं झाली. सुगंधाला दोन मुलं आहेत. मावशीच्या लेखी ती अजून कुमारिका.

"मावशी, अगं नातू चौथीत गेला."

"गेला आसंल. तिला हलद कुठं लागली? हलद नाय तर जावय नाय. नि जावय नाय तर त्याला मी कुठं बसवू?"

सुगंधा दोनदा घरी यायचं म्हणाली, तेव्हाही हेच उत्तर गेलं. बोईसर रिक्षाने अर्ध्या तासावर. मावशी बाजाराला तारापूरला जाते. म्हणते, "बोयसरला धूर फार."

मागच्या महिन्यात मुंबईहून दोघं आली. एक ताई आणि एक दाढीवाले सर. सरांकडे मांजराच्या शेपटीसारखा केसाळ माइक होता. मावशीचे धवले टिपून ठेवणार होते, कायमचे. मावशी नऊवारी नेसून ओट्यावर बसली.

ताईंनी वही उघडली. "आजी, हा तुमचा वारसा आहे. त्याबद्दल काय वाटतं?"

"वारसाची नोंद तलाठ्याकडं. मला काय इचारता?"

"गाण्यांत निसर्ग येतो का?"

"त्याला आमंतरण नाय. आला तर बसू दे."

"ही गाणी किती जुनी असतील?"

"माज्या सासूपेक्षा जुनी. पन तिच्यापेक्षा गोड."

ताई सगळं लिहून घेत होत्या. मग सर म्हणाले, "हळदीचं गाणं म्हणा." मावशी म्हणाली, "नवरी कोन?"

तिथे सगळं अडलं. धवल्यात पुढची विचारते, हळद कुणाच्या लेकीला चढली, आणि मागची नवरीच्या आईचं नि नवरीचं नाव घेऊन उत्तर देते. ती नावं मावशी आधी माझ्या कानात सांगते. नाव नसेल तर गाणं पुढे सरकत नाही.

"कुठलंही नाव घ्या," ताई म्हणाल्या. "उदाहरणार्थ सीता."

"उदाहरनाला हलद लावू?"

"मग माझं घ्या."

"तुमचं लगीन झालंय?"

"हो, तीन वर्षं झाली."

"मंग नवऱ्याला इचारून या."

सरांनी घड्याळ पाहिलं. हळूच ताईंना म्हणाले, "राहू दे. दुसऱ्या गावात कुणी असेल," आणि माइकची वायर गुंडाळायला लागले.

मावशी त्या वायरीकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "बस गो मागं."

मी बसले. कान पुढे केला. तिने नाव सांगितलंच नाही. सरळ सूर लावला. सरांनी घाईघाईने वायर पुन्हा जोडली.

"हलद वाटली गो, पाट मांडला गो, चढली हलद कोनाच्या लेकीला?"

माझ्याकडे नाव नव्हतं. तिने पुन्हा विचारलं. मी तिच्या पाठीकडे बघत होते. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आवाज खाली आला होता, आणि अंबाडा थोडा थोडा हलत होता.

तेव्हा मला कळलं.

"देवकाच्या लेकीला गो, सुगंधा नवरीला."

माझा एवढा मोठा आवाज मीच कधी ऐकला नव्हता. मावशीने मागे वळून पाहिलं नाही. पुढची ओळ मात्र एक पट्टी वर उचलली. मग हळद, तेल, मांडव, एकही धवला तिने सोडला नाही. पाठवणीपर्यंत गेली. रडली नाही. धवलारीण रडली तर गाणं कोण ओढणार, असं ती नेहमी सांगते.

निघताना ताईंनी विचारलं, "आजी, ही सुगंधा कोण?"

"हाय एक," मावशी म्हणाली. "नुकतंच लगीन झालंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी माझ्या दारात उभी. हातात केळीच्या पानात बांधलेली वाटलेली हळद.

"तू आज बोयसरला जानार ना बाजाराला?"

मी जाणार नव्हते. "जाणार आहे," म्हणाले.

"ही तिला लाव. त्यालाबी लाव. पोरांना बोट बोट." ती पायरी उतरली, परत वर आली. "नि उशीर का झाला इचारलं, तर सांग…"

पुडीची गाठ तिने उगाच पुन्हा आवळली.

"सांग, धवलारीन दुसरीकडं अडकली व्हती."