दीनानाथरावांनी मारलेला वाघ

दीनानाथरावांनी त्या दिवशी ‘कसं वाटलं?’ एवढं विचारलं नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण माणूस रिकामा बसला की त्याला काहीतरी विचारावंसं वाटतं, आणि दीनानाथरावांना तर रिकामं बसायची सवयच नव्हती. (लोणावळा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात ते कारकून होते. तिथे बसायची सवय होती, पण समोर कागद असताना.)

ते बसले होते मेहुण्याच्या गाळ्यात. मेहुणा म्हणजे केशव, त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाईंचा धाकटा भाऊ. याने बऱ्याच नोकऱ्या धरल्या आणि बऱ्याच नोकऱ्यांनी याला सोडलं. शेवटी मुंबईतला कुठलासा क्लब बंद पडत होता, तिथून त्याने एक शिकारीचं मशीन उचलून आणलं आणि चिक्कीच्या दुकानांच्या ओळीत एक गाळा घेऊन त्यात मांडलं. मशीन म्हणजे कपाटाएवढी लाकडी पेटी. समोर काच, काचेआड रंगवलेलं जंगल. नाणं टाकलं की दिवे लागायचे, पत्र्याची बदकं इकडून तिकडे सरकायची आणि मधूनच झुडपाआडून एक पत्र्याचा वाघ डोकं काढायचा. बाहेर साखळीला एक विजेची, बिनगोळीची बंदूक. नेम बसला की घंटा वाजून बदक आडवं व्हायचं. वाघ पडला तर तांबडा दिवा लागून असा काही खणखणाट व्हायचा की शेजारचा चिक्कीवाला दचकून पाक ढवळायचा थांबायचा.

मशीन चाललं होतं झकास. आता प्रश्न केशवच्या लग्नाचा होता. तळेगावच्या विठ्ठलराव हेडमास्तरांची इंदिरा त्याला पसंत होती, इंदिरेलाही तो पसंत होता, पण विठ्ठलरावांनी निरोप धाडला होता, ‘‘वसुबारसेला दुपारच्या गाडीने येतो. मुलाचा धंदा प्रामाणिक आहे की नुसता तमाशा, ते बघून मग हो-नाही सांगेन.’’ हे स्थळ हातचं गेलं तर दुसरं मिळणं कठीण आहे, हे प्रमोदिनीबाई जाणून होत्या. शिकारीच्या मशीनला मुलगी देणारे बाप काही रांग लावून उभे नव्हते.

म्हणून त्यांनी केशवला कपडे शिवायला पिटाळलं, घर रंगवायला काढलं आणि दिवाळीची रजा काढून घरी बसलेल्या नवऱ्याला गाळ्यात नेऊन बसवलं. ‘‘अहो, नुसतं बसायचं. सुटे द्यायचे आणि बसायचं.’’

दीनानाथराव बसले. आणि मग खंडाळ्याच्या एका बंगल्यावरचा रखवालदार खेळून निघाला, तेव्हा त्यांनी त्याला सहज विचारलं, ‘‘कसं वाटलं?’’

रखवालदार पूर्वी पलटणीत होता. त्याला इतक्या वर्षांत कुणी काही विचारलंच नव्हतं. तो परत आला, बंदूक हातात घेतली आणि सांगू लागला, ‘‘बाकी ठीक आहे. पण बंदूक डावीकडे ओढते.’’

दीनानाथरावांनी पेचकस आणून बंदूक जरा उजवीकडे वळवली. पाठोपाठ घाटातल्या इंजिनावरचा एक ड्रायव्हर खेळला. त्याचं मत पडलं की बंदूक उजवीकडे ओढते, आणि बदकं अगदीच मालगाडीच्या चालीने जातात. दीनानाथरावांनी बंदूक परत डावीकडे घेतली आणि मागची कळ फिरवून बदकांना पळवलं. मग एका हॉटेलचा आचारी म्हणाला की बदकं दिसायच्या आत जातात, एवढी घाई कुणाला आहे? कळ मागे आली. पुण्याहून आलेल्या एका कुटुंबातल्या बाई खेळल्या नाहीतच, पण बदकांचा रंग बदकांसारखा नाही, एवढं सांगून गेल्या.

संध्याकाळपर्यंत गाळ्यासमोर ही गर्दी. त्यातले खेळणारे थोडे आणि मत देणारे फार. रखवालदार परत येऊन म्हणाला, सकाळी बंदूक छान होती, कुणी बिघडवली? दीनानाथरावांना काही कळेनासं झालं. ज्याला विचारावं त्याचं म्हणणं पटत होतं, आणि सगळ्यांचं म्हणणं एकाच मशीनमध्ये मावत नव्हतं. तरी मनातून ते खूश होते. पार्सल ऑफिसात त्यांना कुणीच काही सांगायला येत नसे, फक्त भांडायला येत.

याच गर्दीत कोंडू होता. कोंडू लोहगडवाडीचा. दिवाळीच्या बाजाराला बायको पुतळाबाईला घेऊन आलेला. त्याने नाणं टाकलं, बंदूक खांद्याला लावली आणि बदकांचा फडशा पाडला. दीनानाथराव बघतच राहिले. पण वाघाने डोकं काढलं की कोंडू बंदूक खाली घ्यायचा. वाघ आत गेला की पुन्हा वर. खेळ संपला.

‘‘कसं वाटलं?’’ दीनानाथरावांनी विचारलं.

‘‘बेस हाय की भाऊ मशीन. पर वाघाला गोळी न्हाई घालायची.’’

‘‘पण त्याचेच तर जास्त गुण आहेत.’’

‘‘आसू द्या. त्यो द्येव हाय आमचा. आन उद्या तर वाघबारस.’’

‘‘उद्या वसुबारस आहे,’’ दीनानाथराव म्हणाले. ‘‘गाईची पूजा.’’

‘‘तुमच्यात गाय. आमच्यात वाघोबा. खीर करतू आमी त्येला.’’

‘‘एकाच दिवशी गाय आणि वाघ?’’

‘‘मग? वाघाला खीर दिली म्हंजी त्यो गाईला न्हाई हात लावत,’’ कोंडूने समजावलं. दीनानाथरावांनी यावर विचार करून पाहिला आणि त्यांना यात चूक कुठे ते सापडेना.

पुतळाबाई मागून म्हणाली, ‘‘उद्या खीर झाल्याव वाडीतली समदी येनार हायती मशीन बगाय. आन तितं कुनी वाघ मारला, तर मानसं तोंड फिरवून जातील, भाऊ.’’

आता काय करावं? वाघ काढून टाकावा, तर ड्रायव्हर, रखवालदार आणि आचारी तिघेही अंगावर येणार. ठेवावा, तर वाडी जाणार. आणि उद्याच विठ्ठलराव येणार, तेव्हा गाळा माणसांनी भरलेला हवा. दीनानाथरावांना एक युक्ती सुचली. (त्यांना युक्ती सुचली की घरात सगळे सावध होत. पण घर इथे नव्हतं.) त्यांनी मशीनची मागची फळी काढली आणि वाघाकडे जाणारी तार उपसून बाजूला केली. आता वाघ येईल, जाईल, पण कितीही गोळ्या घातल्या तरी मरणार नाही.

कोंडूने स्वतः देवाची माफी मागून नेम धरला आणि एक गोळी झाडून पाहिली. वाघ ढिम्म. ‘‘आता बेस झालं,’’ तो म्हणाला. दीनानाथराव त्या रात्री अत्यंत समाधानाने झोपले.

दुसऱ्या दिवशी विठ्ठलराव दुपारच्या गाडीने आलेच नाहीत. ते सकाळच्या गाडीने आले. शाळेची तपासणी न कळवता करायची असते, यावर त्यांची आयुष्यभर श्रद्धा होती. घरी न जाता ते सरळ गाळ्यात आले. केशव तेव्हा शिंप्याकडून नवे कपडे आणायला गेला होता. दीनानाथरावांनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं आणि त्यांनी दीनानाथरावांना. टोपी, कोट, हातात छत्री असं एक गिऱ्हाईक समोर उभं राहिलं, एवढंच दीनानाथरावांना दिसलं.

गाळा गच्च भरला होता. लोहगडवाडीची मंडळी नवी लुगडी, पागोटी लेवून आली होती. पुतळाबाईच्या हातात पितळी डबा, त्यात खीर. वाघाने काचेआड डोकं काढलं की सगळे हात जोडत होते.

विठ्ठलरावांनी नाणं टाकलं. तरुणपणी तळेगावात त्यांच्या नेमबाजीचा गवगवा होता, असं ते स्वतः सांगत. बदकांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. वाघ आला. गोळी. काही नाही. पुन्हा वाघ. पुन्हा गोळी. पुन्हा काही नाही. विठ्ठलरावांनी चष्मा पुसला, बंदूक तपासली, दुसरं नाणं टाकलं. मागे मंडळी प्रत्येक वेळी समाधानाचा सुस्कारा सोडत होती.

‘‘आबा लय भक्तिवान हायती,’’ कोंडू शेजाऱ्याला म्हणाला. ‘‘मुद्दाम नेम चुकवत्यात.’’

पुतळाबाईने पुढे होऊन विठ्ठलरावांच्या हातावर खिरीचा द्रोण ठेवला. ‘‘घ्या आबा. आजच्या दिसाला वाघोबाला जपलंत.’’

विठ्ठलरावांना यातलं अवाक्षर कळलं नाही. नेम चुकला म्हणून खीर मिळाल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. त्यांनी खीर खाल्ली (ती चांगली झाली होती), तोंड पुसलं आणि मशीनच्या कडेला एक सणसणीत थाप मारली, वर्गात बाकावर मारतात तशी. मग ते गल्ल्याकडे वळले.

दीनानाथरावांनी हसून विचारलं, ‘‘कसं वाटलं?’’

‘‘लबाडी वाटली,’’ विठ्ठलराव म्हणाले. ‘‘या यंत्रातला वाघ मरतच नाही. लोकांना फसवण्याचा धंदा आहे हा.’’

‘‘छे छे, मरतो की,’’ दीनानाथराव म्हणाले.

‘‘न्हाई मरत,’’ कोंडू म्हणाला. ‘‘तुमीच तर सांगितलं काल.’’

‘‘म्हणजे नेहमी मरतो. आज मरत नाही.’’

‘‘वारावर मरतो का हा?’’ विठ्ठलरावांनी विचारलं. ‘‘हे पाहा, तुम्ही घ्या ती बंदूक. एकदा मारून दाखवा. नाहीतर मी चाललो तळेगावला.’’

तळेगाव हे नाव ऐकूनसुद्धा दीनानाथरावांच्या डोक्यात काही पेटलं नाही. त्यांना एवढंच दिसत होतं की एका बाजूला गिऱ्हाईक चिडलंय, दुसऱ्या बाजूला वाडी बघतेय, आणि तार काढलेली असल्यामुळे वाघाला काडीचाही धोका नाही. तेव्हा एक गोळी झाडावी, ‘माझाही चुकला’ म्हणावं आणि दोघांनाही चहा पाजावा. त्यांनी बंदूक घेतली. उगाच शंका नको म्हणून नळी चांगली वर धरली, रंगवलेल्या आभाळाकडे, आणि डोळे मिटून चाप ओढला.

विठ्ठलरावांच्या थापेने आत कुठली तार कुठे जाऊन चिकटली होती, ते देव जाणे. तांबडा दिवा लागला. घंटा खणखणू लागली, ती थांबेचना. वाघ आडवा झाला तो झालाच.

चिक्कीवाला धावत आला. वाडीच्या मंडळींनी जोडलेले हात खाली घेतले आणि सगळे दीनानाथरावांकडे बघत राहिले. दीनानाथरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. विठ्ठलराव मात्र खुलले. ‘‘मरतो की. यंत्र चोख आहे म्हणायचं. माझाच नेम आता राहिला नाही.’’

एवढ्यात प्रमोदिनीबाई गाळ्यात शिरल्या. तळेगावला स्थळ बघायला त्याच गेल्या होत्या, म्हणून विठ्ठलरावांना त्यांनी तत्काळ ओळखलं आणि पदर सावरला. नवऱ्याच्या हातात धुराशिवायची बंदूक, समोर आडवा वाघ, भोवती तोंडं पडलेली माणसं. नवऱ्याने काय केलं ते त्यांना कळलं नाही, पण केलं त्यानेच, हे कळलं.

विठ्ठलराव त्यांना बाजूला घेऊन काही सांगू लागले. इकडे कोंडूने दीनानाथरावांचा दंड धरला. ‘‘चला भाऊ. वाडीव चला. वाघोबाच्या म्होरं नारळ फोडायचा आन नाक घासायचं. न्हायतर ह्या गाळ्यात आमी पाय न्हाई ठेवायचो.’’

दीनानाथराव गेले. मळवली स्टेशनपर्यंत गाडीने आणि पुढे चढण, अनवाणी. शेंदूर फासलेल्या दगडासमोर त्यांनी नाक घासलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना मनापासून वाईट वाटलं. डोळे मिटून, आभाळाकडे नेम धरून ज्याने वाघ मारला, त्याच्यावर देवानेही काय विश्वास ठेवावा? मंडळींनी मात्र त्यांना माफ केलं, वाटीभर खीरही दिली.

दिवस मावळायला ते नाकाला शेंदूर घेऊन घरी पोचले, तेव्हा दारात पेढ्यांचा रिकामा पुडा पडला होता.

‘‘जमलं,’’ प्रमोदिनीबाई म्हणाल्या. ‘‘तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त. मशीन पसंत, केशव पसंत. म्हणाले, धंदा सचोटीचा आहे. फक्त एक अट घातली.’’

‘‘कसली?’’

‘‘गल्ल्यावरचा तो नोकर काढून टाका म्हणाले. फार बोलतो, आणि धड काही सांगत नाही.’’

दीनानाथराव पायरीवरच टेकले. ‘‘मग तू काय म्हणालीस?’’

‘‘काढते म्हणाले.’’

‘‘अगं, पण मी कोण ते नाही सांगितलंस?’’

‘‘नंतर विचारलं ना त्यांनी, तुमचे यजमान दिसले नाहीत. सांगितलं, रेल्वेत आहेत, कामावर गेलेत, फार समजूतदार. भेटायची फार इच्छा आहे म्हणाले.’’ त्यांनी नवऱ्याचा चेहरा दिव्याकडे वळवून नीट पाहिला. ‘‘दिसायला कसे, म्हणून विचारलं. मी म्हटलं, मोठी मिशी आहे. तेव्हा उद्यापासून ठेवा.’’