खोली नाकारणाऱ्या दरेकर बाई

मिरजगावच्या आमच्या कॉलेजात दुपारी स्टाफरूमचं दार आतून बंद दिसलं, की समजावं, दरेकर बाई पुण्याच्या घरमालकीण झाल्या आहेत. बाहेर पुढं शहरात शिकायला जाणारी बारावीची पोरं सरावासाठी ओळीनं उभी. एकेकानं कडी वाजवायची, खोली मागायची आणि बाईंनी त्याला हाकलून द्यायचं. मी गणिताचा मास्तर. माझा डबा आत आणि मी बाहेर, त्यामुळं या उपक्रमाबद्दल माझं मत फारसं चांगलं नव्हतं.

"कोण पाहिजे?" बाई आतून खेकसतात.

"म्याडम, खोली..."

"म्याडम नाही, काकू म्हण. मान वर कर. आणि पाणी किती वाजता येतं ते आधी विचार!"

बाई भूगोल शिकवतात. निदान वेळापत्रकात तरी तसं लिहिलंय. प्रत्यक्षात त्यांच्या प्रात्यक्षिकाला पिठलं शिजतं आणि ज्यांनी घरी कधी पाण्याचा तांब्याही उचलला नाही असे गडी आपापले शर्ट धुऊन खिडकीत वाळत घालतात. "बरं, पुढं काय?" हे बाईंचं पालुपद. निकालाच्या दिवशी प्राचार्य पेढे घेऊन आले, तर पेढा तोंडात टाकून बाई म्हणाल्या, "निकाल छान लागला. पुढं काय?" प्राचार्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

गेल्या वर्षी आमच्या मनीषाचा पुण्यात नर्सिंगला नंबर लागला आणि तिच्या वडिलांनी, भानुदासतात्यांनी, नन्नाचा पाढा लावला. पोरगी एवढ्या लांब एकटी राहणार नाही. तेच सांगायला ते कॉलेजात आले, ते नेमके दुपारी. पोरांच्या मागं बिचारे रांगेत उभे राहिले आणि पाळी आल्यावर त्यांनीही कडी वाजवली.

"कोण पाहिजे?"

"मी मनीषाचा बाप. तिच्या पुन्याचं सांगायला आल्तो."

हे पोरांचं सोंग नाही, खरेच तात्या आहेत, हे बाईंनी ओळखलं होतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तरी उत्तर आलं ते घरमालकिणीचंच.

"खेड्यातल्या पोरी आम्ही ठेवत नाही. चार दिवसांत रडत घरी पळतात."

"पळत्यात?" तात्यांनी टोपी मागं सरकवली. "माजी पोरगी? आवं, गोठा उरकून कॉलेजला येती ती! म्हातारी आजारी हुती तवा समदं तिनंच केलं. रडायला येळ हाय कुनाला?"

"आम्ही कसा विश्वास ठेवायचा?"

"मी बाप हाय ना तिचा! लई खमकी हाय. ऱ्हाईल ती! तुमाला खोली द्यावीच लागंल!"

कडी निघाली. "दिली," बाई म्हणाल्या. "कधी पाठवताय?"

पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मीही केला, डबा विसरून. तात्या आत जाऊन बसले. चहा घेतला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "पन बाई, तितं आजारी पडली तर?"

"मी जाईन," बाई म्हणाल्या. तो आवाज घरमालकिणीचा नव्हता.

मनीषा निघाली तेव्हा एसटी स्टँडवर बाईंनी तिला बजावलं, "आईला फोन करून रडायचं नाही. ती जेवण सोडेल. रडू आलं तर मला लाव." दरवर्षी सगळ्यांना हेच सांगतात आणि दरवर्षी फोन येतात. तास चालू असला तरी बाई व्हरांड्यात जाऊन ते घेतात, "हं, रड, आणि मग जेव," म्हणतात. मला आधी वाटायचं, काय ही कटकट! पण बाई एकट्या राहतात. सुट्टीच्या दिवशी त्यांच्याशी बोलणारं दुसरं कोणी नाही, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

मनीषाचा फोन आला नाही. आठवडा गेला, पुढचाही गेला. बाजारात तात्या भेटले. "मजेत हाय," म्हणाले, "मैत्रिनी बी झाल्यात." मी धावत जाऊन ती बातमी बाईंना दिली.

"जमलं म्हणायचं पोरीला," बाई म्हणाल्या. खरोखर आनंदानं म्हणाल्या. मग मोबाईल उचलून त्यांनी खिडकीपाशी धरला, रेंज आहे का ते पाहिलं आणि परत टेबलावर ठेवला.

माझ्यानं राहवेना. "अहो, तुम्हीच लावा की एकदा."

"नको सर. मीच रडेन, आणि तिला उगाच घरी यावंसं वाटेल."